गाभडलेल्या गायीचा हिशेब



कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, पीककर्ज, वीजबिल यांवर आपल्या बैठकांत नेहमी बोलले जाते. या वेळी जरा गोठ्याकडे वळू. गावोगाव फिरताना एक गोष्ट आमच्या कानावर वारंवार येते, आणि सांगणारा प्रत्येक जण ती आपल्या एकट्याच्या नशिबाची म्हणून सांगतो. गाय सात महिन्यांची गाभण होती, गाभडली. वार पडली नाही, हात घालून काढावी लागली. महिनाभरात घरातल्या बाईला ताप आला, तो काही केल्या हटेना. गाय शेवटी बाजारात विकून टाकली.

या चारही घटना एकाच धाग्यातल्या असू शकतात, हे त्या घराला कुणी सांगितलेले नसते. जनावरांचा डॉक्टर गाय पाहतो, माणसांचा डॉक्टर बाई पाहतो, बाजारातला दलाल व्यवहार पाहतो. तिघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. तेव्हा धागा जोडण्याचे काम आपल्यालाच करायला हवे.

रोग ओळखा

या रोगाचे नाव ब्रुसेलोसिस. पशुसंवर्धनाच्या पुस्तकात त्याला 'सांसर्गिक गर्भपात' म्हणतात. ब्रुसेला नावाच्या जिवाणूमुळे तो होतो. गायी-म्हशींत बहुधा ब्रुसेला अबॉर्टस ही जात असते, शेळ्या-मेंढ्यांत ब्रुसेला मेलिटेन्सिस. दोन्ही माणसाला लागतात. शेळीकडून येणारी जास्त जोरात लागते.

जनावरापासून माणसाला होणारे जिवाणूंचे रोग आणखीही आहेत. काळपुळीने मेलेले जनावर फाडले तर फाडणाऱ्याच्या हातावर काळ्या खपलीचा फोड येतो. लेप्टो हा गुरांच्या आणि उंदरांच्या मुतातून पाण्या-चिखलात उतरतो आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. गायीचा क्षय कच्च्या दुधातून माणसात येऊ शकतो. पण काळपुळीत जनावर पटकन मरते, गावात बोभाटा होतो, कुणीतरी धावून येते. ब्रुसेला तसा नाही. यात गाय मरत नाही. ती चरते, रवंथ करते, थोडेफार दूधही देते. कुणालाच घाई वाटत नाही, आणि रोगाला तेवढेच हवे असते.

हा जिवाणू गाभण जनावराच्या गर्भाशयात आणि वारेत वाढतो. पाचव्या महिन्यानंतर केव्हातरी गाभ पडतो. पडलेले वासरू, वार आणि अंगावरून जाणारे पाणी यांत जिवाणूंची संख्या कोट्यवधींनी मोजावी लागते. कडक उन्हात ते काही तासांत मरतात. सावलीत, ओलीत, शेणात मात्र ते महिनोन्महिने जगतात. उकिरड्यावर टाकलेली वार कुत्रे ओढून नेते आणि शेजाऱ्याच्या अंगणात टाकते. दुसरी गाय तिथे हुंगते, चाटते, त्याच जागचा चारा खाते. रोगाने घर बदलले.

आणि इथेच आपली सर्वांत मोठी फसगत होते. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला बहुधा नीट विते. आपण म्हणतो, चला, सुधारली. प्रत्यक्षात जिवाणू तिच्या कासेत आणि कासेजवळच्या गाठींत ठाण मांडून असतो. दुधातून तो येत राहतो, आणि दर वेताला, वासरू जिवंत असले तरी, वारेबरोबर पुन्हा बाहेर पडतो. पहिल्या वेताची गाय गाभडते तेव्हा निदान धोका दिसतो. तिसऱ्या वेताला सुखरूप व्यालेली तीच गाय न दिसणारा धोका घेऊन दावणीला उभी असते. वळूला हाच रोग झाला तर अंडाला सूज येते. जुनाट रोगात जनावराच्या पुढच्या गुडघ्यावर पाण्याची मोठी गाठ धरते.

प्रत्येक गाभडणे ब्रुसेलाचेच असते असे नव्हे. मार लागून, विषारी चारा खाऊन, इतर रोगांनीही गाय गाभडते. पण रक्त तपासून खात्री होईपर्यंत प्रत्येक गाभडणे ब्रुसेलाचे आहे असे धरून चालावे, त्यात नुकसान काही नाही.

माल्टाच्या शेळ्या

या रोगाचा शोध कसा लागला, हे शेतकऱ्याने जाणून घेण्यासारखे आहे. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे लहानसे बेट आहे. तेव्हा ते इंग्रजांच्या ताब्यात होते आणि तिथे त्यांच्या फौजेचा मोठा तळ होता. शिपायांना एक ताप यायचा. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा आणि महिनोन्महिने माणूस निकामी व्हायचा. लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस याने १८८७ साली मेलेल्या शिपायांच्या प्लीहेतून या तापाचा जिवाणू वेगळा काढला. त्याच्याच नावावरून ब्रुसेला हे नाव पडले. १८९७ साली डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग याने गाभडणाऱ्या गायींतला जिवाणू शोधला. दोघे एकाच कुळातले आहेत हे पुढे कळले.

पण माल्टात जिवाणू सापडला तरी तो शिपायाच्या पोटात येतो कुठून, हे कळेना. १९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी शेळ्यांचे रक्त तपासले. त्या काळी तिथे शेळ्यांचे कळप दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची पद्धत होती. शेळ्या दिसायला धडधाकट. त्यांच्याच रक्तात आणि दुधात रोग निघाला. १९०६ साली फौजेला शेळीचे कच्चे दूध देणे बंद केले, आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला.

इथपर्यंत गोष्ट गौरवाची. पुढची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. फौजेचा ताप गेला, माल्टाच्या रहिवाशांचा मात्र पुढे कित्येक वर्षे चालूच राहिला. शिपायाचे दूध बदलणे सोपे होते. सरकारने हुकूम काढला आणि काम झाले. शेळी हेच ज्याचे पोट, त्याच्या शेळीचे काय करायचे, हा प्रश्न अवघड होता आणि खर्चाचा होता. तो तसाच राहिला. रोगाचे कारण कळणे आणि रोग हटणे यांच्यामध्ये नेहमी हाच प्रश्न उभा असतो: रोगी जनावराची किंमत कोण सोसणार?

ताप कुणाच्या अंगावर?

आपल्याकडे दूध तापवून प्यायची रीत आहे. ही आपल्या घरच्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली मोठी आरोग्यसेवा आहे. एक चांगली उकळी आली की दुधातला ब्रुसेला मरतो. धारोष्ण दूध पिऊन ताकद येते हा समज मात्र सोडून द्या. त्यातून ताप येण्याची शक्यता पक्की आहे.

दुधाचे दार असे बरेचसे बंद आहे. उघडे आहे ते हाताचे दार. गाय व्याली, अडली, गाभडली तर गोठ्यात कोण असते? घरधनी वावरात असेल नाहीतर बाजारात. गोठ्यात घरधनीण असते, म्हातारी असते, नाहीतर शेण काढणारी मजूरबाई. निंदणाने, कापूस वेचणीत बोंडाच्या टोकांनी हाताला चिरा पडलेल्या असतात. त्याच हातांनी ती वासरू ओढते, वार उचलते, खाली सांडलेले पुसते. चिरेतून जिवाणू शिरतो. डोळ्यात थेंब उडाला तर तिथून शिरतो. वाळलेली घाण झाडताना नाकातून शिरतो.

एक ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, ताप सुरू होतो. संध्याकाळी चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, सकाळी बरे वाटते. कंबर धरते, गुडघे आणि खुबे दुखतात, हातापायांतली शक्ती जाते. पुरुषांत अंडाला सूज येते. गरोदर बाईचा गर्भ पडू शकतो. रोग मुरला तर मणक्यात घर करतो. सकाळी बरी दिसणारी बाई संध्याकाळी अंथरूण धरते, म्हणून घरचेच म्हणतात की ही कामचोरपणा करते. दवाखान्यात कधी मलेरिया म्हणून गोळ्या मिळतात, कधी टायफॉइड म्हणून सलाईन लागते. दहा दिवसांनी ताप उतरतो, पैसे संपतात आणि महिन्याने ताप पुन्हा येतो.

यावर औषध आहे. डॉक्सिसायक्लिन आणि त्याच्या जोडीला रिफॅम्पिसिन, असे सहा आठवडे घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८६ सालीच केली. कधी रिफॅम्पिसिनऐवजी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दोन-तीन आठवडे देतात. एकाच औषधावर भागत नाही आणि आठ-दहा दिवसांत थांबवूनही चालत नाही. तसे केले की ताप उलटतो. गरोदर बाईला आणि लहान मुलांना औषधे वेगळी लागतात. म्हणून चिठ्ठी डॉक्टरचीच हवी, दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नका. पण डॉक्टरला एक वाक्य सांगायला विसरू नका: "आमच्या घरी गाय गाभडली होती आणि हिने हात लावला होता." रक्ताची ब्रुसेलाची तपासणी करायचे डॉक्टरच्या मनात येईल ते या एका वाक्याने.

आणखी एक. हा रोग माणसाकडून माणसाला जवळपास लागतच नाही. ताप आलेल्या बाईला बाजूला बसवू नका, तिचे ताट वेगळे करू नका. तिला औषध पाहिजे, विश्रांती पाहिजे.

बाजाराचा हिशेब

आता गायीकडे या. समजा, चांगली असताना ती चाळीस हजारांची होती. गाभडली, वासरू गेले, वेताचे दूध गेले. वार अडकून गर्भाशय खराब झाले तर पुढे ती उलटत राहते, गाभण राहत नाही. इतके दिवस तिला ज्वारीचा कडबा आणि सरकीची ढेप घातली, ती आपल्याच वावरातून आली. आता शेतकऱ्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, डॉक्टरला बोलावून रक्त तपासायचे. रोग निघाला की गावभर बातमी होते, गायीला कवडीही येत नाही, दूध कुणी घेत नाही, आणि गाय मरेपर्यंत दावणीला बांधून पोसावी लागते. दुसरी वाट, गुपचूप बाजारात न्यायची. 'दुसऱ्या वेताची आहे, गरीब आहे' एवढे म्हणायचे आणि निम्म्या-पाऊण किमतीत मोकळे व्हायचे.

शहाणी माणसे व्याख्यानात सांगतात की शेतकरी अडाणी आहे म्हणून रोग लपवतो. आमचे म्हणणे असे की शेतकऱ्याला हिशेब येतो म्हणून तो लपवतो. खरे बोलण्याचा दंड चाळीस हजार आणि गप्प राहण्याचे बक्षीस वीस हजार, अशी व्यवस्था कुणी केली असेल, तर तिथे ब्रह्मदेव उतरला तरी रोग हटणार नाही.

पण हिशेब इथे संपत नाही. ती गाय घेणारा कोण असतो? वेशीपलीकडच्या गावचा आपल्यासारखाच कोरडवाहू कास्तकार. कापसाने मार दिला म्हणून दुधावर दोन पैसे मिळतील या आशेने त्याने ती घेतलेली असते. त्याच्या घरी पुढच्या वेताला त्याची बायको वार उचलते. आपण वाचवलेले वीस हजार त्याच्या गोठ्यातून आणि त्याच्या बायकोच्या अंगातून वसूल होतात. आणि उद्या त्याच बाजारातून आपण गाय आणतो, ती कुणाच्या गोठ्यातली असते? बाजार गोल आहे. म्हणून आमचे आपल्याच माणसांना स्पष्ट सांगणे आहे: रोगी ठरलेली गाय बाजारात नेऊ नका. सरकारकडे दाम मागण्याचा आपला हक्क आपण एकमेकांना फसवू लागलो की दुबळा होतो.

कायदा आहे, दाम कुठे आहे?

जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयी केंद्राचा कायदा २००९ साली झाला. गायीम्हशींचा ब्रुसेलोसिस त्याच्या यादीत आहे. रोगाची शंका आली की मालकाने कळवावे, जनावर वेगळे बांधावे, हलवू नये, अशी कर्तव्ये त्यात मालकाच्या गळ्यात आहेत आणि न पाळल्यास शिक्षा आहे. दुसरीकडे महाराष्ट्रात गाय कापायला बंदी जुनीच, २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही ती लागू झाली. गायीवरच्या श्रद्धेवर आम्हांला इथे काही म्हणायचे नाही, ती ज्याची त्याची. पण रोगी, भाकड जनावर गोठ्यातून बाहेर काढायची वाट समाजाने बंद केली असेल, तर त्याला पोसायचा खर्चही समाजाने उचलला पाहिजे. श्रद्धा सगळ्यांची आणि वैरण एकट्याची, हा न्याय नव्हे.

ज्या देशांनी हा रोग हटवला, त्यांनी काय केले ते पाहा. अमेरिकेत १९३४ साली मोठा दुष्काळ होता आणि मंदीही होती. चारा नव्हता, जनावरांना भाव नव्हता. सरकारने जनावरे कमी करण्याच्या कार्यक्रमातच ब्रुसेलाची तपासणी घातली आणि रोगी निघालेली जनावरे पैसे देऊन काढून घेतली. त्या वेळी तपासलेल्या मोठ्या जनावरांत ११.५ टक्के रोगी निघाली होती. दुष्काळी मुलखात, मंदीच्या काळात, शेतकऱ्याच्या हातात दाम ठेवून ही सुरुवात झाली, हे ध्यानात ठेवा. ऑस्ट्रेलियाने १९७० साली ब्रुसेला आणि गायीचा क्षय यांविरुद्ध देशभर मोहीम काढली. तपासणी, लस आणि रोगी जनावराची भरपाई अशी तिची बांधणी होती. १९८९ साली तो देश गायींच्या ब्रुसेलातून मोकळा झाला.

आपल्याकडे पैसा नाही असे कुणी म्हणेल. २००६ साली नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्या मारल्या आणि भरपाई दिली. २०२२ साली लंपी आला तेव्हा राज्य सरकारने मेलेल्या दुभत्या गायीला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये जाहीर केले. म्हणजे मनात आले की देता येते. फरक इतकाच की बर्ड फ्लू आणि लंपी यांचा गाजावाजा झाला आणि ब्रुसेला आवाज करत नाही. त्यात गाय मरत नाही, म्हणून पंचनामा होत नाही. नुकसान मात्र होतच असते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशातल्या पशुधनाचे या एका रोगाने होणारे वार्षिक नुकसान सुमारे ३.४ अब्ज डॉलर धरले आहे. त्यातला फार मोठा भाग गायी-म्हशींचा आहे. हा पैसा कुणाच्या खिशातून जातो, हे वेगळे सांगायला नको.

२०१९ साली केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम मथुरेत सुरू केला. वर्षाला ३ कोटी ६० लाख कालवडी-वगारींना ब्रुसेलाची लस टोचायची, २०२५ पर्यंत रोग आटोक्यात आणायचे आणि २०३० पर्यंत हटवायचे, असे तेव्हा सांगितले गेले. कार्यक्रम चांगला आहे, आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण लस ही उद्याच्या गायीसाठी आहे. आज दावणीला उभ्या असलेल्या रोगी गायीचे काय, या प्रश्नाला लसीत उत्तर नाही. आणि ब्रुसेलाच्या या लसीत शेळी नाहीच. शेळी भूमिहीनाची, मजूरबाईची गाय. माल्टाचा ताप शेळीचाच होता, हे विसरून कसे चालेल?

आणखी एक गोष्ट. कोरडवाहू शेतकऱ्याने दुधाचा जोडधंदा करावा असा उपदेश आपण वर्षानुवर्षे ऐकतो. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत दुभती जनावरे देण्याची तरतूदही होती. जोडधंद्याला आमचा विरोध नाही. पण परमुलखातून जनावर आणून आपल्या दावणीला बांधताना त्याच्या शिंगाची, कासेची पाहणी होते, तशी रक्ताचीही झाली पाहिजे. नाहीतर जोडधंद्याच्या नावाने रोग जोडला जातो.

आपल्या हातात काय आहे?

मागणी करू तेव्हा करू. उद्या सकाळी गोठ्यात करायच्या गोष्टी आधी ऐका.

गाय व्याली किंवा गाभडली तर उघड्या हाताने वासरू, वार, पाणी यांना हात लावू नका. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकच्या पिशव्या कोपरापर्यंत बांधा, नाकातोंडाला फडके बांधा. हाताला जखम असेल त्याने आणि गरोदर बाईने तिथे जाऊच नये. काम झाले की साबणाने हात धुवा. अडकलेली वार ओढायचे काम पशुवैद्यकाचे, घरच्या बाईचे नव्हे.

गाभ आणि वार उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका. विहिरीपासून दूर, कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल खड्डा करून त्यात पुरा. वरून चुना टाका, माती लोटा, बाभळीच्या काट्या पसरा. खाली सांडलेली जागा ब्लीचिंग पावडर किंवा फिनेलने धुवा. ओले गवत आणि भुसा जाळून टाका.

गाभडलेली गाय अंगावरून जाणे थांबेपर्यंत, निदान तीन-चार आठवडे, वेगळी बांधा. तिचा चारापाणी वेगळा ठेवा. तिचे दूध उकळल्याशिवाय घरात, मांजराला, कुणालाच देऊ नका.

रक्त तपासून घ्या. गाभडल्याबरोबर घेतलेल्या रक्तात कधी कधी रोग दिसत नाही, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगा. रोझ बेंगॉल नावाची साधी तपासणी काचपट्टीवर चार मिनिटांत होते.

कालवड किंवा वगार चार ते आठ महिन्यांची असतानाच लस टोचून घ्या. लस आयुष्यात एकदाच असते. नराला आणि गाभण जनावराला ही लस देत नाहीत. लस जिवंत जिवाणूंची असते, तेव्हा टोचताना आणि सुई हाताळताना पोरांना जवळ येऊ देऊ नका. लसीने रोगी गाय बरी होत नाही आणि ती शंभर टक्के कवचही नाही. पण गाभडणे पुष्कळ थांबते, आणि गाभडणे थांबले की फैलाव थांबतो. कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर लसीची नोंद झाली का ते पाहून घ्या. लस टोचलेल्या जनावराची रक्ततपासणी काही काळ रोगी दाखवू शकते. नोंद नसेल तर उद्या तुमचीच चांगली कालवड रोगी ठरेल.

विकत घेताना रक्ततपासणीचा कागद मागा. मिळाला नाही तर आणलेले जनावर आधी वेगळे बांधा, रक्त तपासा, मग दावणीत घ्या.

आपली मागणी

जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावा, असे आम्ही सुचवतो. गावोगावच्या बैठकीत तो आधी वाचावा आणि त्यात भर घालावी.

एक, प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ब्रुसेलाची काचपट्टीवरची तपासणी फुकट व्हावी, आणि रोगी ठरलेल्या नमुन्याची पक्की तपासणी जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात व्हावी.

दोन, रोगी ठरलेले जनावर सरकारने बाजारभावाने, पंचनाम्याच्या दिवशीच पैसे देऊन मालकाकडून काढून घ्यावे. ते मारायचे की पोसायचे हे सरकारने आपल्या कायद्याप्रमाणे ठरवावे. त्याचा भार शेतकऱ्याच्या दावणीवर नको.

तीन, सरकारी योजनेतून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक दुभत्या जनावराबरोबर आणि शेळीगटाबरोबर रक्ततपासणीचा कागद असावा.

चार, शेळ्या-मेंढ्यांचा या कार्यक्रमात समावेश व्हावा.

पाच, ज्या घरी जनावर रोगी निघेल तिथल्या प्रत्येक माणसाची, आणि गोठ्यात काम करणाऱ्या मजुरांचीही, रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राने करावी. सहा आठवड्यांचे पूर्ण औषध फुकट द्यावे. पशुवैद्यकाने रोगी जनावराची खबर आरोग्य केंद्राला लेखी कळवावी.

यांतली दुसरी मागणी मान्य झाली नाही तर बाकीच्या चार कागदावर राहतील, हे आम्ही आताच सांगून ठेवतो. दाम हातात पडणार असतील तर शेतकरी स्वतः गाय दवाखान्यात घेऊन येईल, त्याला शोधायला शिपाई पाठवावा लागणार नाही. दाम नसतील तर कितीही भिंती रंगवा आणि कितीही मेळावे घ्या, गाय रात्रीच बाजाराची वाट धरेल.

बैठकीला येताना बायांना बरोबर आणा. हा ठराव त्यांच्यापैकी कुणीतरी मांडावा. वार उचलणारे हात त्यांचे आहेत, ताप त्यांच्या अंगात भरतो आणि गोठ्यात काय चालते ते आपल्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. आपल्या गावात गेल्या दोन वर्षांत किती गायी-म्हशी-शेळ्या गाभडल्या, त्यांपैकी किती विकल्या आणि कुठल्या घरी लांबलेला ताप आला, याची यादी प्रत्येक गावाने करून आणावी. गायवाल्याचे नाव लिहू नका, फक्त आकडा लिहा. सरकारजवळ आपल्या कापसाचा आकडा आहे, कर्जाचा आहे. गोठ्यातल्या या नुकसानीचा आकडा आपणच गोळा करून त्यांच्यापुढे ठेवू आणि त्यावर दाम मागू.